वर चढलेली पायरी

सिंगापूर म्हटलं की मला अजूनही सगळ्यांत आधी ऐकू येतो तो बेडोकच्या आमच्या वस्तीतला कोकीळ. आपल्याकडे त्याचं केवढं कौतुक! तिथे मात्र तो बारा महिने पहाटेच्या काळोखात सुरू व्हायचा, आणि एकदा सुरात आला की शेजारचे चिनी आजोबा खिडकी उघडून त्याला त्यांच्या भाषेत चार शब्द सुनावायचे. त्याने कोकिळाला आणखीच चेव यायचा. माझी खोली स्वयंपाकघराला लागून होती. आधी कोकीळ, मग आजोबा, मग पुलावरून जाणारी पहिली एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, मग नलिनीकाकूंच्या कुकरची शिट्टी, अशा क्रमाने माझा दिवस उजाडायचा. मी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांची होते, कराडहून पुण्याला आणि पुण्याहून थेट तिथे जाऊन पडले होते, आणि मला जगातलं बरंचसं कळतं अशी माझी समजूत होती. त्या वयात ती असायचीच. त्या मुलीवर मी आता रागावत नाही, उलट तिचा थोडा हेवाच वाटतो.

नलिनीकाकू मूळच्या देवगडकडच्या. काका बोटीवर चीफ इंजिनिअर, त्यामुळे वर्षातले बहुतेक महिने समुद्रावर. सहाव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये काकू, त्यांची नऊ वर्षांची ईशा आणि भाडेकरू म्हणून मी, अशा आम्ही तिघी. भाडेकरू हा शब्द काकूंना मंजूर नव्हता. "भाडं देतेस म्हणून काय परकी झालीस? जेवायला बस म्हटलं की बसायचं," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. मी कराडहून मेतकुटाचे डबे आणि एक छोटं पातेलं घेऊन गेले होते. आपलं आपण शिजवून खायचं असा माझा बाणेदार बेत होता. काकूंच्या हातची तिरफळं घातलेली आमटी खाल्ली आणि बेत तिथेच बारगळला. ते पातेलं पुढे ईशाने रंग कालवायला घेतलं.

काकूंना सिंगापूरच्या तक्रारी पुष्कळ होत्या. मेथी म्हातारी मिळते, पोरगी मराठीत बोलावलं तर इंग्रजीत उत्तर देते, आणि इथल्या लोकांना उन्हाळा-हिवाळा काही नाही म्हणून पापडही मनासारखे वाळत नाहीत. पण एका गोष्टीवर त्या बेहद्द खूश होत्या. बेडोकच्या बाजारात एक मलय बाई नारळ समोर फोडून, यंत्रावर खवून पिशवीत घालून द्यायची. "या देशाने मला खवणीपासून सोडवलं, आणखी काय मागू?" असं त्या म्हणायच्या. त्या बाईशी त्यांची मैत्री होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नसे, तरी दोघी मुलांबद्दल तासभर बोलायच्या. रविवारी मी काकूंबरोबर बाजारात जायचे. तिथे ज्याला बाटांग म्हणतात ती आपली सुरमई; ती ताजी कशी ओळखायची, तो धडा कराडच्या माझ्यासारखीला काकूंनी कल्ले उघडून, आत बोट घालून दाखवून शिकवला. मासे घेऊन झाले की हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊच्या टपऱ्यांच्या मंडईत, एकेक कोपी, म्हणजे त्यांची कॉफी, आणि मग घर. आज इतक्या वर्षांनी मला कोणी विचारलं की परदेशात एकटी कशी राहिलीस, तर मला खरंच आठवत नाही की मी एकटी कधी होते.

ऑफिस होतं क्वीन्सटाउनला, अलेक्झांड्रा रोडच्या बाजूला. बेडोकहून एकच गाडी, बदलायची गरज नाही. स्टेशनवरून जुन्या बैठ्या ब्लॉकांच्या सावलीतून चालत जायचं. कंपनी लहानशी होती. रस्ते, पूल, गटारं यांची डिझाइनं करायची. तिथे माझे साहेब होते मिस्टर कोह. साठीला आलेले, खिशात तीन-चार पेन्सिली, आणि बोलायला इतके कंजूष की "गुड" हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला दिवाळी उजाडावी लागायची. माझं प्राजक्ता हे नाव त्यांना पेललं नाही. त्यांनी त्याचा 'प्रा' करून टाकला. त्यांची एक पद्धत होती, जी मी नंतर कुठेच पाहिली नाही. ड्रॉइंग तपासताना एकाने प्रत्येक आकडा मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने ऐकत टिंबं करत जायचं. डोळा थापा मारतो, कान सहसा मारत नाही, असं त्यांचं मत. मी शाळेत पाढे म्हटले नसतील इतक्या मोठ्याने तिथे आकडे म्हटले. पहिला महिना लाज वाटली. नंतर घरी काकूंच्या वाणसामानाची यादीसुद्धा मी मोठ्याने वाचायला लागले, तेव्हा ईशा म्हणाली, "दीदी, यू व्हेरी नॉइझी, ला." वाक्याच्या शेवटचा हा 'ला' तिथे सगळ्यांच्याच तोंडी.

माझ्याकडे आलेलं पहिलं मोठं काम होतं श्रीलंकेच्या उत्तरेकडचं. तिथलं युद्ध नुकतंच संपलं होतं. वर्षानुवर्षं छावण्यांत राहिलेली माणसं आपापल्या गावांकडे परतत होती, आणि परतणाऱ्यांना आधी रस्ता हवा होता. आमचा रस्ता खाडीच्या काठाने जाणारा. त्याच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला परतलेल्या लोकांची नवी वस्ती. आता खाडी आणि वस्ती यांच्या मध्ये रस्त्याचा भराव घातला की तो बांध होतो. वस्तीवर पडलेलं पावसाचं पाणी खाडीत जायला भरावाखालून मोऱ्या ठेवाव्या लागतात, आणि मोरीचा तळ बरोबर त्या उंचीवर असावा लागतो. न्हाणीघरात पाणी जायचं भोक फरशीपेक्षा वीतभर वर ठेवलं तर काय होईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. त्या मोऱ्या माझ्या होत्या. म्हणजे त्यांचा प्रत्येक आकडा मी काढलेला आणि मोठ्याने वाचलेला होता.

साइटवर आमचा माणूस होता शिवा. खरं नाव बरंच लांब, पण तोच म्हणाला होता, शिवा पुरे. तो त्याच गावचा. युद्धाच्या काळात आखातात नोकऱ्या करत राहिला, आणि युद्ध संपलं तसा बरा पगार सोडून परत आला, कारण त्याची आई छावणीतून सुटून गावी आली होती आणि तिला आता तिथून हलायचं नव्हतं. नव्या वस्तीतलं एक घर तिचं. आमचं दर सोमवारी फोनवर बोलणं व्हायचं. बोलणं अर्थात इंग्रजीत, पण मला ते आता मराठीतच आठवतं. मागे जनरेटरची घरघर आणि कावळे. तो मला मिस म्हणायचा, मी त्याला नुसतं शिवा. मी ते गाव तोवर पाहिलं नव्हतं, पण शिवाच्या फोनमुळे मला तिथली बोरं कधी पिकतात इथपर्यंत माहीत झालं होतं.

उंची मोजायची तर कुठून तरी सुरुवात करावी लागते. समुद्रसपाटीपासून किती उंच आहे हे पक्कं ठाऊक असलेला एखादा दगड धरायचा आणि बाकी सगळं त्याच्यावरून मोजायचं. त्याला बेंचमार्क म्हणतात. इंग्रजांच्या काळात सर्व्हेवाल्यांनी असे दगड जागोजागी खुणा करून ठेवले होते, एक आडवी रेघ आणि तिच्याखाली वर टोक केलेला बाण. त्या भागातल्या बहुतेक खुणा स्टेशनच्या, शाळेच्या, पोस्टाच्या भिंतींवर होत्या, आणि त्या भिंतीच युद्धात गेल्या होत्या. आमच्या सर्व्हेवाल्यांनी नवे सिमेंटचे खुंट रोवले, ते सुरुंग काढायला आलेल्या यंत्रांखाली चिरडले. उरला एकच दगड. गावातल्या मुरुगनच्या कोविलची, म्हणजे देवळाची, पायरी. देऊळ पडलं होतं, पायरी शाबूत होती. ती का शाबूत राहिली हे शिवाने हसत हसत सांगितलं होतं. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकेय; तो बाण गावाला त्याचा वेल, म्हणजे भाला वाटायचा. कित्येक पिढ्या लोक त्या खुणेला विभूती लावत आले होते. "मी पेराडेनियाला शिकायला गेलो तेव्हा मला कळलं की आमचा वेल सर्व्हे खात्याचा आहे," तो म्हणाला. "आईला सांगितलं. ती म्हणाली, असू दे, त्यांनाही देवानेच बुद्धी दिली असेल."

सर्व्हे झाला तेव्हा गाव रिकामं होतं. डिझाइन होऊन ठेकेदार कामाला लागेपर्यंत वस्ती भरली होती. काम सुरू झालं आणि साइटवरून खोदाईचे आकडे यायला लागले. खोदाई माझ्या हिशेबापेक्षा कमी भरत होती. एका ठिकाणी असती तर समजू शकलं असतं, पण जिथे बघावं तिथे कमी, आणि सगळीकडे जवळजवळ तेवढीच. ठेकेदार खूश. मिस्टर कोह खूश नव्हते. "कमी खोदलं तर कोणी तक्रार करत नाही," ते म्हणाले. "म्हणून तू शोध." मी माझी सगळी गणितं पुन्हा केली. ती बरोबर होती. पुन्हा केली, पुन्हा बरोबर. जमीन सुरुंग काढणाऱ्या यंत्रांनी वरखाली झालेली, त्यामुळे जागेवर बघून कोणाला काही कळत नव्हतं. पहिल्या मोरीच्या सळया बांधून होत आल्या होत्या, काँक्रीट टाकायचा दिवस ठरला होता, आणि त्यानंतर लगेच त्यांचा पाऊस. तिकडचा पाऊस वर्षाच्या शेवटी येतो. मी अजून प्रोबेशनवर होते, आणि नोकरी गेली की तिथे राहायचा पासही गेला, हे सिंगापूरला गेलेल्या प्रत्येकाला झोपेतही माहीत असतं.

तशा अवस्थेत मी एका संध्याकाळी जेवत होते आणि काकू फोनवरचे फोटो बघून संतापल्या होत्या. त्यांच्या सासरच्या गावी ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला होता आणि दिराने फोटो पाठवले होते.

"बघ, बघ कसा नेलाय चौथरा वर," त्या माझ्या ताटाशेजारी फोन ठेवत म्हणाल्या. "रस्ता दरवर्षी डांबर ओतून वर येतो, म्हणून देऊळही वर. सासूबाईंनी आता चढायचं कसं? त्यांच्या गुडघ्यांचं कोणी विचारलं?"

"आजी सो पुअर थिंग," ईशा पोळीचा तुकडा मोडत म्हणाली.

"नवीन लादी घातली, ग्रॅनाइट घातलं, सगळं घातलं. आणि ही बघ, जुनी पायरी. ती नाही टाकली हो. टाकतील कशी? आजेसासऱ्यांनी घातलेली. ती उचलून थेट वर, गाभाऱ्यापुढे नेऊन बसवली."

मी फोटो बघितला. काळा, मधोमध झिजलेला दगड, नव्या चकचकीत लाद्यांच्या वर. मी वरण कालवत होते ते तसंच राहिलं. आमच्या कराडच्या गल्लीतल्या मारुतीचंही असंच झालं होतं. देऊळ वर गेलं, जुना उंबरा मानाने वर गेला. आपल्याकडे दुसरं काय करतात? जुना दगड टाकत नाहीत, आणि देव रस्त्याच्या खाली ठेवत नाहीत. शिवाने दोन महिन्यांपूर्वी मला नव्या कोविलच्या कुंभाभिषेकाचा, म्हणजे प्रतिष्ठापनेचा, फोटो पाठवला होता. उघड्या अंगाचा, पांढरी वेष्टी नेसलेला, कपाळभर विभूती. त्याच्या शेजारी तो दगड होता. सर्व्हेच्या फोटोत तोच दगड वाळूत रुतलेला होता, आणि शिवाच्या फोटोत तो त्याच्या गुडघ्याच्या वर होता. दोन्ही फोटो मी पाहिले होते. दोन्ही वेळा मला चांगलं वाटलं होतं.

"काय गो, वरण खारट झालं काय?" काकूंनी विचारलं. मी म्हटलं, "नाही काकू, फार चांगलं झालंय." आणि ताट तसंच ठेवून उठले. त्या घरात ताट टाकून उठायची माझी ती पहिली आणि शेवटची वेळ.

सकाळी ऑफिसात कोणी यायच्या आधी मी शिवाला फोन लावला. सोमवार नव्हता, त्यामुळे त्याला आश्चर्य वाटलं.

"शिवा, कोविलच्या त्या पायरीबद्दल विचारायचं होतं."

"छान दिसते ना?" तो खुलला. "फोटो बघितलास ना?"

"बघितला. ती पूर्वी होती तिथेच आहे?"

"तिथेच. तोच दरवाजा, तीच दिशा. बोटभरही इकडेतिकडे होऊ दिली नाही आम्ही."

"आणि वर-खाली?"

पलीकडे जनरेटर चालू होता. एक कावळा ओरडत राहिला. मग शिवा हळूच म्हणाला, "ऐयो." तो मला म्हणाला नव्हता, स्वतःला म्हणाला होता. मला पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही.

"चौथरा वर घेतला," तो म्हणाला. "आपल्या रस्त्यामुळे, मिस. रस्ता उंच होणार हे मीच त्यांना सांगितलं. देव रस्त्यापेक्षा खाली कसा राहील? दगड चढवला तेव्हा पुढच्या बाजूला मी होतो. आता रोज त्याच दगडावर पट्टी धरून मी उंची मोजून देतो. आणि त्या दिवशी मला त्यात नुसता वेल दिसला. बेंचमार्क दिसलाच नाही."

मला त्याचा राग आला नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही खांदा दिला असता, आणि वर नारळही फोडला असता. पण दगड, फोटोवरून तरी, दोनेक फूट वर गेला होता आणि आमच्या कागदांवर तो अजून खालीच होता. म्हणजे त्याच्यावरून मोजलेली प्रत्येक मोरी दोन फूट वर बसणार होती. वस्तीतलं पाणी मोरीच्या तोंडाशी पोचायच्या आधी घराघरांत शिरून तेवढं उभं राहणार होतं. शिवाच्या आईच्या घरातही. पहिल्या मोरीचं काँक्रीट दुसऱ्या दिवशी सकाळी पडणार होतं.

"कोहना सांग," शिवा म्हणाला. "मी केलं हेही सांग. मला काढलं तर मला दुसरीकडे नोकरी मिळेल. पण आधी ते काँक्रीट थांबव."

मिस्टर कोह आले, खुर्चीत बसले, आणि मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. देऊळ, चौथरा, पायरी, काकूंची सासू, सगळं एका दमात. सासू आली नसती तरी चाललं असतं, पण माझी जीभ थांबेना. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "यू शुअर? ऑर यू थिंक यू शुअर?"

"थिंक," मी म्हणाले.

"सो मेक शुअर."

त्यांनी स्वतः शिवाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. कोविलच्या मागच्या अंगाला जुन्या देवळाची फरशी अजून दिसत होती, आणि जुनी पायरी त्या फरशीच्या बरोबरीने होती हे सर्व्हेच्या फोटोत स्पष्ट होतं. तिथपासून दगडापर्यंत मोज, असं त्यांनी सांगितलं. शिवा पळत गेला असावा. त्याचा श्वास ऐकू येत होता. मग त्याने आकडा मोठ्याने वाचला. कोह म्हणाले, पुन्हा वाच. त्याने पुन्हा वाचला. दोन फुटांना थोडा वरचढ. मी माझ्या खोदाईच्या कागदाकडे बघितलं. जेवढी खोदाई सगळीकडे कमी पडत होती, तेवढाच तो आकडा होता. आयुष्यात गणित जुळल्याचा इतका आनंद आणि इतकी भीती मला एकाच वेळी पुन्हा कधी वाटली नाही.

"स्टॉप द पोअर," मिस्टर कोह म्हणाले, म्हणजे काँक्रीट टाकू नका. ठेकेदाराचा फोन पाच मिनिटांत आला. तो इतका ओरडत होता की मला दारापर्यंत शब्द न् शब्द ऐकू येत होता. माझ्या जागी तो फोन कोहनी घेतला आणि त्याचं ओरडून होईपर्यंत पेन्सिलीला टोक करत बसले. त्यांना बोलायचा कंटाळा होता, पण दुसऱ्यासाठी ऐकून घ्यायचा नव्हता. हे मला त्या दिवशी कळलं, आणि पुढे माझ्या हाताखाली मुलंमुली आली तेव्हा मी तेवढं तरी त्यांच्याकडून उचललं.

एक-दोन दिवसांनी शिवाचा फोन आला. आवाज पडलेला. काम का थांबलं हे त्याने गावाला सांगितलं होतं. सांगावंच लागलं, लोक विचारत होते. मग कोविलच्या अंगणात सगळे बसले. ज्यांनी दगड चढवला त्यांच्यातल्या काहींनी कुंभाभिषेकासाठी उपास धरले होते. कोणी रडलं, कोणी शिवावर चिडलं, की तू शिकलेला, तुला कसं कळलं नाही. शेवटी त्यांनी ठरवलं. "गाव म्हणतंय, दगड खाली आणतो," शिवा म्हणाला. "रस्ता महत्त्वाचा. शांती करू, मुरुगनची क्षमा मागू, आणि जिथे होता तिथे ठेवू. उद्या सकाळी उचलतायत. आई बोलत नाहीये, पण तिनेही मान हलवली."

मी कोहना सांगितलं. मला वाटलं, बरं झालं, म्हणतील. कागद आहेत तसे राहतील, एकही आकडा बदलायला नको. आमच्या ऑफिसच्या एका कोपऱ्यात लाल देव्हारा होता, त्यापुढे रोज कोणीतरी संत्री ठेवायचं. कोह त्या देव्हाऱ्याकडे कधी ढुंकूनही बघत नसत. त्या दिवशीही बघितलं नाही. माझ्याकडे बघत म्हणाले, "खाली कशाला? तो माणसांनी उचललेला दगड आहे. दगड जड, आकडा हलका. आकडा बदल, ला."

मी तो निरोप शिवाला दिला तेव्हा त्याने तो माझ्याकडून पुन्हा एकदा मोठ्याने म्हणवून घेतला. मग म्हणाला, "हे मी गावात जाऊन त्यांच्याच शब्दांत सांगतो." आणि ऑफिसात आम्ही कामाला लागलो. दगडाची नवी उंची धरून मोऱ्यांच्या खुणा पुन्हा पाडायच्या, शिवाने साइटवर सळया उचलून खड्डे खोल करून घ्यायचे, ठेकेदाराला शांत करायचं. रिपोर्टात कोहनी कारण एका वाक्यात लिहिलं: गावकरी परतले, त्यांनी देऊळ बांधलं, बेंचमार्क वर गेला, आता नोंदला आहे, सुस्थितीत आहे. कोणाचंही नाव नाही. खाली स्वतःची सही. शिवाची नोकरी राहिली. माझीही राहिली, आणि प्रोबेशन कधी संपलं ते मला नंतर कोणीतरी सांगितलं तेव्हा कळलं. काकूंना मी सगळी हकिकत सांगितली. त्यांचं त्यावर एकच म्हणणं पडलं, की तो कोहसाहेब आमच्या गावच्या देवस्थान समितीत हवा होता.

त्या वर्षी पाऊस त्यांच्याकडे वेळेवर आला. सिंगापूरलाही त्याच सुमाराला धो धो कोसळतो. मी काकूंच्या बाल्कनीत उभी राहून तो बघायचे आणि दुसऱ्याच गावचा विचार करायचे. मोऱ्या झाल्या होत्या, गणित बरोबर होतं, तीनदा मोठ्याने वाचलेलं होतं. तरी पाणी गणित वाचून वाहत नाही, अशी धाकधूक होती. दोन सोमवार शिवाचा फोन लागला नाही. तारा पडल्या असतील, असं ऑफिसात सगळे म्हणायचे. मीही तसंच म्हणायचे.

एका रविवारी सकाळी काकू ओट्याशी सुरमई कापत होत्या, ईशा टीव्हीला चिकटली होती, आणि माझा फोन वाजला. शिवाच होता. आठवडाभर पाऊस लागून राहिला होता, तो म्हणाला, आज जरा उघडीप आहे. मोऱ्या तुडुंब वाहतायत. दुपारी अंगणात साचलेलं संध्याकाळपर्यंत खाडीत जातं. तो हे सांगत होता, पण त्याला सांगायचं काही वेगळंच असावं, कारण तो मध्येच थांबला.

"मिस, माझी आई पावसाचे ढग दिसले की पलंगाच्या पायांखाली विटा ठेवते," तो म्हणाला. "छावणीत सगळेच ठेवायचे. नव्या घरात आली तरी ठेवल्या. या वर्षीही ठेवल्या. मी इंजिनिअर, मी तिला सांगून सांगून थकलो, की पाणी येणार नाही. ती म्हणायची, बघू."

"मग?"

"आज सकाळी मला म्हणाली, त्या विटा काढ. चढता-उतरता गुडघे दुखतात."

काकूंनी सुरी हातातच ठेवून माझ्याकडे बघितलं. मी रडत होते हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. ओल्या हाताने खूण करून त्यांनी विचारलं, काय झालं गो? मी मान हलवली, की चांगलं आहे, सगळं चांगलं आहे. मग फोनवर शिवाला म्हणाले, "थँक यू."

"ते मी म्हणायचं ना, मिस?" तो म्हणाला. पण मी आधीच म्हणून टाकलं होतं, आणि मला ते परत घ्यायचं नव्हतं.